विजयवाड्याच्या वाटेवर : आस्तिक शहाणा की नास्तिक?

अमरावतीला चाललो असे सांगितले, तर शेजारी म्हणाले, "मग बडनेऱ्याला उतरा." त्यांचे काही चुकले नव्हते. नागपूरकराला अमरावती एकच ठाऊक. आम्ही निघालो होतो ती अमरावती आंध्र प्रदेशातली, कृष्णा नदीच्या काठची. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे बौद्धांचा महास्तूप उभा होता. त्या अमरावतीला जायचे तर विजयवाड्याला उतरावे लागते, आणि विजयवाड्यात नास्तिकांचे एक केंद्र आहे. एकाच प्रवासात नास्तिकांचे घर आणि बुद्धाचा स्तूप अशी दोन्ही ठिकाणे पाहावीत, या विचाराने आमच्या विहाराच्या अभ्यासवर्गातील आम्ही नऊ जणांनी गेल्या हिवाळ्यात रजा टाकली. कोणी कारकून, कोणी अंगणवाडी सेविका, एक निवृत्त गँगमन, एक कॉलेजात शिकणारी मुलगी आणि सत्तरी गाठलेल्या आमच्या काकू.

निमित्त झाले एका वादाचे. रविवारच्या वंदनेनंतर काकूंनी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून डोळे मिटले. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली आमची भाची सर्वांदेखत म्हणाली, "काकू, तुम्ही देव बदलला, सवय तीच ठेवली. देव मानणाऱ्याची बुद्धी अर्ध्या वाटेत थांबते. खोल विचार करतो तो नास्तिकच."

काकू एवढेच म्हणाल्या, "मी का मागून राहिली का वं पोरी? आठवण करून राहिली."

पण निवृत्त गँगमन असलेले आमचे भाऊ खवळले. "मग कबीर काय बिनडोक होता?" झाले! विहारात दोन तट पडले. देव मानणारा जास्त खोल विचार करतो की न मानणारा, या प्रश्नावर चार रविवार गेले आणि उत्तर काही निघेना. तेव्हा ठरले, की जिथे हा प्रश्न लोकांनी नुसता बोलून नव्हे तर जगून पाहिला, तिथे जाऊ.

नागपूर सोडले की तासाभरात सेवाग्राम स्टेशन येते. पुढे चंद्रपूर, बल्लारशा, वारंगळ, खम्मम आणि मग विजयवाडा. वाचकहो, ही रेल्वेची वाट नीट पाहिली तर आमचा वादच रुळांवर मांडून ठेवला आहे असे वाटते. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि जुने देव नाकारले. चंद्रपूरला दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, पुन्हा दीक्षा झाली. या दोन्हींच्या मध्ये सेवाग्राम, रोज सायंप्रार्थना करणाऱ्या गांधीजींचा आश्रम. गाडी चंद्रपूरला थांबली तेव्हा काकूंनी खिडकीतून हात जोडले. भाची या वेळी काही बोलली नाही.

पण वाद गाडीतही चालूच राहिला. भाचीने एक आकडा आणला होता. २०१३ साली मिरॉन झुकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६३ अभ्यास एकत्र करून तपासले. धार्मिकता जास्त तिथे बुद्धिमापनातले गुण थोडे कमी, असा कल त्यांना आढळला. आकडा खोटा नाही. पण तो सरासरीचा आहे, आणि त्यातला फरक मोठा नाही. शिवाय चाचणीतले गुण आणि विचारांची खोली ही एकच गोष्ट आहे काय? आमच्या लोकांना तरी हे समजावून सांगायला नको. बुद्धी नाही, गुण नाहीत असे म्हणून आम्हांला किती दारांतून परत पाठवले गेले, ते आम्ही विसरलेलो नाही. मोजपट्टी कोणी केली आणि कशासाठी केली, हे आधी विचारावे.

दुसरे उदाहरण गणिताचे निघाले. रामानुजन हे नामक्कलच्या नामगिरी देवीचे भक्त. आपली सूत्रे देवीच्या कृपेने सुचतात असे ते मानत. केंब्रिजला त्यांच्या सोबत काम करणारे प्राध्यापक हार्डी पक्के नास्तिक. १९१४ ते १९१९ या काळात दोघांनी मिळून जे गणित केले त्याला जग मानते. त्या गणितातला कोणता भाग आस्तिक आणि कोणता नास्तिक, हे कोणी सांगेल काय?

आणि भाऊंचा कबीर? त्यावर मात्र आम्हां सर्वांनाच थांबून विचार करावा लागला. बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले : बुद्ध, कबीर आणि महात्मा फुले. बुद्धांनी जगाचा निर्माता ईश्वर मानला नाही. कबीरांनी निर्गुण राम मानला. जोतीरावांनी मूर्ती, भट आणि पोथी झुगारली, पण सर्वांचा एक निर्मिक आहे असे मानले. १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात हा निर्मिक पानोपानी भेटतो. ईश्वराच्या प्रश्नावर तिघांचे मत एक नव्हते, तरी बाबासाहेबांनी तिघांना एकाच पंक्तीला बसवले. तेव्हा त्यांची मोजपट्टी 'देव मानतो की नाही' ही नसणार. मग कोणती होती? हा प्रश्न घेऊनच आम्ही विजयवाड्याला उतरलो.

विजयवाडा हे कृष्णेच्या काठचे गजबजलेले शहर. इंद्रकीलाद्री डोंगरावर कनकदुर्गेचे मंदिर आहे. तिथे बारा महिने भक्तांची रीघ असते. शहरातच स्वराज मैदानावर बाबासाहेबांचा १२५ फुटी पुतळा ८१ फुटी चौथऱ्यावर उभा आहे. १९ जानेवारी २०२४ रोजी त्याचे अनावरण झाले. मान वर करून पाहता पाहता काकूंचा पदर डोक्यावरून घसरला. म्हणाल्या, "आता सारं शयर पाहून राहिलं बाबाले." पुतळ्याभोवती फोटो काढणाऱ्यांत कपाळाला कुंकू लावलेल्या, देवीचे दर्शन घेऊन आलेल्या बायाही होत्या. एकाच दिवशी दोन्हीकडे जाणारी माणसे काही थोडी नाहीत.

नास्तिक केंद्र शहराच्या पटमटा भागात आहे. मंदिर नाही तर काहीतरी भव्य सभागृह असेल, असे आमच्या काहींना वाटले होते. पण पाहण्याजोगी गोष्ट तिथे इमारत नव्हे, इतिहास आहे.

हे केंद्र गोपराजू रामचंद्र राव यांनी काढले. लोक त्यांना 'गोरा' म्हणत. जन्म १९०२ चा, उच्चवर्णीय ब्राह्मण कुटुंबातला. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊन ते कॉलेजात शिकवू लागले. भुताचे घर म्हणून जिथे कोणी राहीना, तिथे ते मुद्दाम राहून आले. पत्नी सरस्वती गोरा यांनी गरोदर असताना ग्रहण पाहिले आणि मूल धडधाकट जन्मले. नास्तिक विचारांपायी काकिनाडा आणि मच्छलीपट्टणम येथील नोकऱ्या गोरांना गमवाव्या लागल्या. शेवटी १९४० साली कृष्णा जिल्ह्यातील मुदुनूर गावी त्यांनी हे केंद्र सुरू केले. १९४७ साली ते विजयवाड्यात आले. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी ठेवले लवणम्, म्हणजे मीठ. देवाचे नाव द्यायचे नाही, हा नियम घरापासून सुरू केला.

निखाऱ्यांवरून चालणे हा देवीचा चमत्कार नाही, हे दाखवण्यासाठी या केंद्राची माणसे स्वतः निखाऱ्यांवरून चालत आली आहेत. लाकडाचा निखारा आणि त्यावरची राख उष्णता सावकाश पोचवतात. पाय झपाझप उचलला की चटका बसण्याआधी सुटतो. यात देवीची कृपा नाही आणि चालणाऱ्याचे पुण्यही नाही. भाचीला हे ऐकून मोठा आनंद झाला. आम्हांला मात्र पुढची गोष्ट जास्त मोलाची वाटली.

गोरांचे म्हणणे असे, की देव नाही एवढे म्हणून नास्तिकाचे काम संपत नाही, तिथून ते सुरू होते. वर कोणी नसेल तर खालची जबाबदारी सगळी माणसाची. म्हणून त्यांनी अस्पृश्य वस्त्यांत काम केले, सहभोजने घातली. देव गेला आणि जात तशीच राहिली, तर त्या नास्तिकतेचा उपयोग काय, असा त्यांचा रोख होता.

आता सेवाग्रामची गोष्ट ऐका. १९४४ साली गोरा तिथे जाऊन गांधीजींना भेटले. एक देवाच्या नावाशिवाय पाऊल न टाकणारा, दुसरा देवाचे नाव न घेणारा. दोघांचे बोलणे पुष्कळ दिवस चालले. गोरांनी त्यावर लिहिलेले पुस्तक १९५१ साली नवजीवन प्रकाशनाने काढले. गांधीजींशी आमचा हिशेब वेगळा आहे. १९३२ चा पुणे करार आम्ही विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. पण जे घडले ते नीट सांगावे, ही बाबासाहेबांचीच शिकवण. माझी आस्तिकता खरी आणि तुमची नास्तिकता खोटी असे मी म्हणू शकत नाही, आपण दोघेही सत्य शोधणारे आहोत, अशा अर्थाचे गांधीजी बोलले.

गोरांनी थोरल्या मुलीचे, मनोरमाचे, लग्न अर्जुनराव या अस्पृश्य समाजातील तरुणाशी ठरवले. गांधीजी म्हणाले, लग्न सेवाग्रामला करू. आता अडचण आली विधीची. वधूचा बाप देव मानत नाही आणि लग्न लावणारा देवाशिवाय बोलत नाही! तेव्हा ईश्वराच्या नावाऐवजी सत्याच्या नावाने शपथ घ्यावी, हे गांधीजींनी कबूल केले. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली. ठरलेले लग्न त्याच वर्षी मार्च महिन्यात सेवाग्रामलाच झाले.

गोरांचे चिरंजीव लवणम् यांचे लग्न हेमलता यांच्याशी झाले. हेमलता या तेलुगू कवी गुर्रम जाषुवा यांच्या कन्या. जाषुवा दलित कुटुंबात जन्मले, वर्गात आणि सभेत अपमान सोसत मोठे कवी झाले. त्यांचे 'गब्बिलम' हे काव्य प्रसिद्ध आहे. गब्बिलम म्हणजे वटवाघूळ. काव्यातला अस्पृश्य माणूस आपले दुःख शिवाला सांगायला वटवाघळाला पाठवतो. कारण देवळात त्याला प्रवेश नाही, वटवाघळाला आहे! हे ऐकून आमचे भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "देव आहे का नाही हे त्या माणसाला विचारून काय फायदा? त्याला तर दारच बंद."

आम्हांला वाटते, सगळ्या वादाची किल्ली भाऊंच्या या बोलण्यात आहे. पण भाचीच्या बाजूलाही एक प्रश्न विचारायला हवा. देव नाकारला की माणूस आपोआप खोल होतो काय? बुद्धांच्या काळातही नास्तिक होते. अजित केसकंबल नावाचे आचार्य परलोक मानत नसत. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. दान निष्फळ, चांगल्या-वाईट कर्मालाही फळ नाही, असे त्यांनी शिकवल्याचे सामञ्ञफल सुत्तात आले आहे. बुद्धांनी सृष्टीकर्त्या ईश्वराचा पक्ष घेतला नाही आणि अजिताचाही घेतला नाही. नीतीला देवाचा टेकू लागत नाही, पण देवाचा टेकू काढताना नीतीच पाडून टाकायची नाही. ही वाट दोन्हींपेक्षा अवघड आहे, कारण तिथे माणसाला स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते.

दुसऱ्या दिवशी आम्ही अमरावतीला गेलो. विजयवाड्याहून रस्त्याने तासा-दीड तासाचे अंतर. आज तिथे स्तूप असा उरलेला नाही. सुमारे पन्नास मीटर व्यासाचा गोल विटांचा चौथरा, भोवती काही उभ्या शिळा, आणि हिरवळ. १७९७ च्या सुमारास कॉलिन मॅकेंझी हा ब्रिटिश अधिकारी इथे आला, तेव्हा जमीनदाराची माणसे या टेकाडातले दगड बांधकामाला नेत होती. १८४५ मध्ये वॉल्टर इलियट याने खोदकाम केले. कोरीव शिळा मद्रासला गेल्या आणि त्यातल्या पुष्कळ पुढे लंडनला. आज सर्वांत सुंदर शिळा पाहायच्या तर चेन्नईच्या किंवा लंडनच्या संग्रहालयात जावे लागते. गावात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे, तेवढ्यावर आम्ही समाधान मानले.

पण जे पाहिले त्याने आमचा वाद मिटवला. अमरावतीच्या जुन्या शिल्पांत बुद्धांची मूर्ती नसते. बोधिवृक्ष असतो, त्याखाली एक आसन असते, पावलांच्या खुणा असतात, आणि आसन रिकामे असते. भोवती स्त्री-पुरुष हात जोडून बसलेले. पुढच्या शतकांत त्याच स्तूपावर बुद्धांची मूर्ती कोरली जाऊ लागली. लंडनच्या संग्रहालयात अशी एक शिळा आहे, जिच्या एका बाजूला रिकामे आसन आहे आणि काही शतकांनी ती उलटवून दुसऱ्या बाजूला कोरलेल्या स्तूपाच्या दारात बुद्ध उभे आहेत.

रिकाम्या आसनापुढे हात जोडलेली ती माणसे आस्तिक की नास्तिक? भाची खूप वेळ पाहत राहिली. मग तिनेच काकूंना विचारले, "काकू, हे लोक काय मागत असतील?" काकू म्हणाल्या, "मागतील काहून? तिथं देणारा कोण बसला हाय?"

या स्तूपाचा आणखी एक दगड आम्ही कधी विसरणार नाही. इथे सापडलेल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. व्यापारी आहेत, भिक्खू-भिक्खुणी आहेत, गृहिणी आहेत. त्यांत एक नाव आहे विधिक. तो चम्मकार, म्हणजे चामड्याचे काम करणारा. आई, पत्नी, भाऊ, मुलगा, मुली आणि नातलगांसह त्याने पूर्णघट कोरलेली शिळा दान दिली, असे पाली-प्राकृतात तिथे लिहिले आहे. वाचकहो, विचार करा. त्याच आंध्रात विसाव्या शतकातला कवी लिहितो, की अस्पृश्याचा निरोप न्यायला वटवाघूळ लागते. आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याच कृष्णेच्या काठी चामड्याचे काम करणारा माणूस आपल्या लेकीबाळींसह महास्तूपात दान देतो, धंदा लपवत नाही, आणि त्याचे नाव दगडात राहते! हे कोणत्या विचारामुळे झाले आणि कोणत्या विचारामुळे पुसले गेले, हे विचारणे म्हणजेच विचारांची खोली मोजणे.

परतीच्या गाडीत काकूंनी आपल्या आईची हकिकत सांगितली. ती माउली निरक्षर. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आली आणि देव्हाऱ्यातले टाक टोपलीत भरून नदीत सोडून आली. आठवडाभरात धाकटे पोर तापाने फणफणले. सारी आळी म्हणाली, मरीआई कोपली, कोंबडे कबूल कर. तिने कोंबडे कबूल केले नाही. पोराला पाठीशी बांधून दवाखान्यात गेली. पोर बरे झाले. "पण माय म्हणे," काकू सांगत होत्या, "पोर गेलं असतं तरी मी टाक परत आणले नसते. ताप तापानं आला, देवीनं नाही."

भाचीने काकूंचा हात हातात घेतला. गोरा भुताच्या घरात जाऊन राहिले तेव्हा त्यांच्यामागे एम.एस्सी. होती. या बाईपाशी पाटी-पेन्सिलही नव्हती. पण दोघांनी केले ते एकच. भीतीला समोर उभे करून तपासले, आणि खरे ठरले त्याप्रमाणे वागण्याची किंमत मोजायला तयार झाले. आमच्या मते खोल विचार तो हाच. तो देव मानणाऱ्या कबीराने केला, निर्मिक मानणाऱ्या जोतीरावांनी केला, आणि देव न मानणाऱ्या गोरांनीही केला. प्रश्न न विचारता देव मानणे जितके उथळ, तितकेच प्रश्न न विचारता देव नाकारणेही उथळ.

हे आम्ही आमच्याच घरांना उद्देशून लिहीत आहोत. छप्पनच्या पिढीने देव सोडले ते जिवाच्या कराराने. आमच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला देव न मानणे वारशात मिळाले. पाढे पाठ असावेत तशा बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत. पण मुलीसाठी स्थळ पाहायला निघालो की हळूच विचारतो, "पोटजात कोणती?" लग्नाच्या माहितीपत्रकात बौद्ध लिहितो आणि कंसात जुनी जात लिहितो. हे करणारा माणूस देवळात जात नसेल, पण त्याने देव सोडला असे म्हणता येणार नाही. त्याने फक्त मूर्ती सोडली आहे. देव त्या कंसात लपून बसला आहे.

तेव्हा विहारात यापुढे वाद झाला तर आस्तिक की नास्तिक असे विचारू नका. तुमच्या मानण्याने किंवा न मानण्याने तुमच्या घरात काय बदलले, ते विचारा. पंक्तीला कोण बसले, लेक कोणाच्या घरी गेली, ताप आला तेव्हा पाय कुठे वळले, ते विचारा. म्हाताऱ्या माणसांच्या मेणबत्तीला हसण्याआधी त्यांनी काय काय नदीत सोडले आहे, तेही एकदा विचारून घ्या.

आमच्या भाचीच्या लग्नाची बोलणी यंदा सुरू होतील. माहितीपत्रक तिने स्वतःच लिहिले आहे. त्यात कंस नाही.

जय भीम!